बोटी बंद, फुटबॉल सुरू

माझा नातू दापोलीला शेतकी शिकतो आणि तिथल्या टीममध्ये फुटबॉल खेळतो. सुट्टीला आला की सांगतो, आजी, आमच्या टीमला मोठा इतिहास आहे, भिंतीवर फोटो लावलेत, कुठल्या साली कोण कप्तान होता ते सगळं लिहिलंय. मी म्हटलं, आमच्या टीमला पण इतिहास होता बाबा, भिंत नव्हती. तो हसला. मग म्हणाला, सांग ना. म्हणून सांगते. मी शाळेत थोडीच गेले, मग घरात म्हस आली आणि शाळा सुटली. तेव्हा मी सांगते तसं त्याची बहीण लिहून घेते.

आमच्याकडे फुटबॉल पावसाचा. लोकांना वाटेल, पावसात कोण खेळतो, चिखल, शेवाळ, पाय घसरायचा. पण आमच्याकडे माणसं मिळायची तीच पावसात. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मुंबईला जायचं ते आगबोटीने, आणि पाऊस लागायच्या आधी बोटी बंद व्हायच्या. बोट बंद म्हणजे पुरुषमाणूस घरात. लावणीला हात मिळायचे, कौलं शाकारून व्हायची, आणि संध्याकाळी सड्यावर फुटबॉल. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की थोड्या दिवसांत बोटी सुरू, आणि फुटबॉल बंद. वाडीत मग म्हातारे, बायका नि पोरं.

आमचे हे मुंबईला गोदीत होते. माल उतरवायचा, चढवायचा. माझं लग्न झालं तेव्हा मी लहान होते, नवरा कसा दिसतो ते मी नीट पाहिलं दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात. शेवटच्या बोटीने यायचे, पावसाळ्याचं सामान घेऊन, पहिल्या बोटीने जायचे. मधले नऊ महिने मी आणि सासू. सासरे नव्हते. ते पण मुंबईलाच होते, तिकडेच ताप येऊन गेले. सासूला कळलं तेव्हा बारावं-तेरावं सगळं होऊन गेलेलं.

मला पहिली मुलगी झाली ती शिमग्याच्या थोडं आधी. गोरी होती, बापासारखी कपाळाला रुंद. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची शेवटची बोट यायच्या आधी गेली. खोकला झाला, तीन रात्री सासू आणि मी आलटून पालटून तिला घेऊन बसलो. हे आले तेव्हा पाळण्याची दोरी आढ्याला तशीच होती. त्यांनी दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बाहेर जाऊन पाय धुतले. पुष्कळ वेळ धुतले. त्यावर आमचं काही बोलणं झालं नाही. बोलून काय होणार होतं. पण तेव्हापासून माझ्या मनाने एकच घेतलं, की हा माणूस घरी राहिला पाहिजे. कसाही. दुसरं मला काही नको होतं.

फुटबॉल आला तो त्याच वर्षी. गोदीच्या बाजूला मैदान होतं, तिथे गोरे खलाशी खेळायचे. त्यांना माणूस कमी पडला की गोदीतल्या कोणाला तरी हाक मारायचे. ह्यांना एकदा बोलावलं, मग रोजचंच झालं. एका खलाशाने जाताना आपला जुना चेंडू ह्यांना दिलान. चामड्याचा, वर नाडी, आत रबराचा फुगा. ह्यांनी तो गाठोड्यात पोह्यांसारखा जपून आणला.

सासू दारातच उभी राहिली. "तां काय?"

"फुटबॉल."

"कशाचां?"

"चामड्याचा."

"तां चांबडां घरात नको. वहाण बाहेर काढतोस ना? मगे तां पण बाहेर."

मग चेंडू गोठ्यात राहिला. म्हशीच्या वर, वाशाला दोरी बांधून टांगलेला. तिथे तीनचार पावसाळे काढलेन त्याने. सासू दूध काढायला बसली की डोकं त्याला लागू नये म्हणून वाकून बसायची आणि शिव्या घालायची. चेंडूला, ह्यांना, आणि त्या गोऱ्या खलाशाला, ज्याला तिने कधी पाहिला पण नव्हतान.

सडा म्हणजे आमच्या वाडीच्या डोक्यावरचा कातळ. उन्हाळ्यात तिथे तवा तापल्यासारखं होतं, पावसात मात्र बोटभर माती आणि हिरवं गवत. वाडीच्या लोकांनी एका कडेचे दगड उचलून टाकले, पोफळीची चार खोडं रोवली, दोन इकडे दोन तिकडे. ते गोल. पहिल्या वर्षी कोणाला काही येत नव्हतं. सगळे चेंडूमागे धावायचे, कोंबड्यांना दाणे टाकल्यावर धावतात तसे. हे ओरडायचे, अरे पांगा, पांगा! ओरडून ओरडून घरी यायचे ते घसा बसलेला.

सड्याच्या पलीकडे शहरातली शाळा. तिथली मोठी पोरं बघायला यायला लागली, मग खेळायला. आणि एक दिवस त्यांचे हेडमास्तर आले, छत्री घेऊन, धोतर वर खोचून. पोरं सगळी करवंदीच्या जाळीत लपली. मास्तर ह्यांना म्हणाले, "लपताय कशाला? घाटावरच्या शाळांच्या टीमा आहेत, आपली नाही. तुम्ही शिकवा ह्यांना."

हे म्हणाले, "मी तर बोटी बंद असेपर्यंतच असतो."

"मग तेवढेच दिवस शिकवा."

अशी ती शाळेची टीम झाली. पावसाळ्यापुरती. हे मुंबईला गेले की पोरं महिनाभर खेळायची, मग परीक्षा, मग मोडायची. मोठी झालेली पोरं स्वतःच बोटीत बसून मुंबईला जायची. दर वर्षी हे आले की निम्मी टीम नवीन. पुन्हा पहिल्यापासून, पांगा, पांगा. चेंडू मात्र तोच. फुग्याला ठिगळं, चामड्याला टाके. बाजारात एक वहाणा शिवणारे म्हातारे होते, ते शिवून द्यायचे आणि म्हणायचे, ह्यात आता मूळचं चामडं थोडं आणि माझं जास्त.

मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण मला तो आवडायचा. का, तर हे घरी असले की एका जागी बसत नसत. मुंबईची सवय. जेवताना गुडघा हलायचा, निजले तरी पाय हलायचे. सारखे बाहेर जाऊन समुद्राचा अंदाज घ्यायचे, वारा पडला काय, बोट कधी सुटणार. एकदा सड्यावर जाऊन धावून आले की पाय शांत. तेवढा वेळ ते आमचे. म्हणून मी गवताचा भारा घेऊन मुद्दाम सड्यावरून यायची, नि जाळीआडून बघायची. बायकांनी तिथे उभं राहायची रीत नव्हती, पण गवताला कोण नाही म्हणतो.

तर ते वर्ष. श्रावण लागला होता. हे संध्याकाळी आले ते वेगळेच दिसत होते. पाय पण धुतले नाहीत, तसेच पडवीत.

"घाटावरची टीम येणार आहे," म्हणाले. "मोटारीने. पाली, हातखंबा करून. शाळेचे कमिटीवाले बघायला येणार. हेडमास्तर म्हणाले, शाळेचा शिपाई म्हातारा झालाय, त्याच्या जागी माणूस घ्यायचाय. शिपाईगिरी करायची नि पोरांना खेळ शिकवायचा. कमिटीला खेळ म्हणजे वेळ फुकट वाटतो. पण पोरांनी सामना मारला, तर मास्तर माझं नाव घालणार."

माझ्या हातात पेजेचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं.

"बारा महिने?" मी विचारलं.

"बारा महिने."

सासू आतून म्हणाली, "सामना कधी?"

हे पाय धुवायला उठले. मग म्हणाले, "बोट सुरू झाल्यावर. दोन दिवसांनी."

सासू बाहेर आली. आता ह्यातली गोम सांगते. गोदीतला मुकादम पहिल्या बोटीने येईल त्याला जागेवर घ्यायचा. दुसऱ्या बोटीने गेलं तर जागा दुसऱ्याची. त्याचं तसंच असे. सामन्यासाठी थांबायचं तर गोदी सोडायची, आणि सामना हरला तर इकडे पण काही नाही.

"डोकां फिरलां तुझां?" सासू म्हणाली. "पोरांच्या पायावर घर ठेवतोस?"

"मोठी पोरं आहेत. बरी खेळतात."

"बरी! आवशीच्या हातचां जेवणारी पोरां ती. मुकादमाला काय सांगशील, फुटबॉल खेळत होतो?"

"नाही थांबलो तर जन्मभर बोटच."

"तुझा बापूस गेला बोटीने, तू जातोस. कोण मेला?"

ती हे बोलली आणि थांबली. कारण मेला होता. सासरेच मेले होते, तिकडे. तोंडातून गेलं ते तिला पण कळलं. ती वळली आणि चुलीशी गेली. त्यानंतर तिने विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी ह्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलंन. पोहे, सोलं, भाजलेले काजू, धुतलेली दोन धोतरं. गाठोडं दाराशी. येताजाता सगळ्यांच्या पायात यायचं.

मग जे दिवस गेले ते कसे गेले ते माझं मला ठाऊक. नारळी पौर्णिमा झाली. वारा पडला. वाडीतले सगळे पुरुष आपापली गाठोडी बांधायला लागले. हे सकाळी पोरांना घेऊन सड्यावर, दुपारी शेतात, संध्याकाळी पुन्हा सड्यावर. रात्री पडवीत येरझारा. मी आत पडून ऐकायची, सासू पण जागीच.  एकदा सकाळी उठून बघते तर गाठोडं दाराशी नाही. तशीच धावले. बाहेर आले तर हे ते खांद्यावर टाकून अंगणात उभे. मला बघितलंन आणि म्हणाले, "जड झालंय काय ते बघत होतो." परत दाराशी ठेवलं.

बोट आली त्या दिवशी मी तण काढत होते. सड्यावरून भोंगा ऐकू यायचा, वारा तसा असला तर खाली आमच्या शेतात पण. ऐकू आला. सासू माझ्या पुढच्या वाफ्यात होती. ती ताठ उभी राहिली. वाटेने वाडीतले पुरुष बंदराकडे चालले होते, डोक्यावर गाठोडी, बायका-पोरं मागे. शेजारचा एकजण ओरडला, "काय रे, येत नाहीस? फुटबॉलशी लगीन लागलां काय?"

हे बांधावर बसलेले. म्हणाले, "पुढच्या बोटीने येतो."

"पुढच्या बोटीने मुकादम तुला गोल करायला ठेवील!"

सगळे हसले. हे पण हसले. पण हातात बांधावरचं गवत होतं, ते उपटत राहिले, उपटत राहिले. बोट खोल पाण्यात उभी, छोटे पडाव माणसं घेऊन तिकडे जायचे, परत यायचे, परत जायचे. एवढा वेळ हे तिथेच. शेवटचा भोंगा झाला तेव्हा उठले आणि सरळ सड्यावर गेले. बांध तेवढ्या जागी उघडा पडला होता. सासूने तिथे चिखल लावून तो नीट केलान. 

आता चेंडूचं सांगते. सामन्याच्या आदल्या दिवशी पाऊस धरून होता. पोरं संध्याकाळपर्यंत खेळली, चेंडू भिजून दगडासारखा जड झाला. आमच्या पोरांना जड चेंडूची सवय, पण हे काळजीत. सामना आपल्या गावात, म्हणजे चेंडू आपला द्यायचा, तशी रीत. घाटावरच्यांना असला चेंडू दिला तर हसतील, कमिटीवाले पण हसतील. हे फडक्याने पुसत बसले, गोठ्यात वाशाला टांगला, पुन्हा काढून पुसला.

"उद्यापर्यंत सुकला पाहिजे," म्हणाले. एकदा नाही, चारदा. मग दमून निजले. त्या रात्री पहिल्यांदाच गाढ निजले.

आमच्या घरात ओली वस्तू सुकवायची म्हणजे एकच जागा. चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली असते, पावसाळ्यात सगळं त्यावर. ओली लाकडं, बियाणं, सुकी मच्छी, लहान मुलांची दुपटी. माझ्या मुलीची दुपटी पण तिथेच वाळायची. खालून धग, धूर, सकाळपर्यंत वस्तू खडखडीत. पिढ्यान् पिढ्या तसंच.

सकाळी मी उठले तर चूल धगधगत होती. एवढ्या सकाळी एवढा जाळ सासू कधी करत नसे, लाकूड वाचवायची. ती फुंकणी घेऊन बसलेली. मी वर बघितलं. ताटीवर, सुक्या मच्छीच्या आणि लाकडांच्या मध्ये, फुटबॉल.

 ज्या बाईने चामडं उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, तिने ते गोठ्यातून आपल्या हाताने आणलंन, आणि ठेवलंन कुठे तर चुलीवर. देवाच्या खालोखाल जागा ती. आणि रात्रभर जाळ घातलान.

"सुकला असेल आता," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "पुसून काय होतां? पुसून काय सुकतां काय कधी?"

हे उठून आत आले. वर बघितलं. हात लांब करून चेंडू काढला, आणि अंगठ्याने दाबला. पापड मोडतो तसा आवाज आला. चामडं करपून आखडलं होतं, टाक्याच्या कडेने चिरा. आतला फुगा वितळून चिकटलेला. चेंडू गोल पण राहिला नव्हता, आंब्याच्या बाठीसारखा झाला होता.

सासूने फुंकणी खाली ठेवलीन. तिने आवाज ऐकलान, तिला कळलं. पण मान वर केली नाही तिने. निखाऱ्यांकडे बघत राहिली.  

 ह्यांनी चेंडू होता तिथे, ताटीवर, परत ठेवला. हळू ठेवला.

"चांगला सुकलाय," म्हणाले. "पेज वाढ."

ते मला म्हणाले, पण पेज सासूने वाढलीन.

सामना बघायला मी जाळीआड गेले तर मागे पावलं. सासू. हातात विळा, डोक्यावर इरलं. म्हणाली, "गवत बघायला आले." मी म्हटलं, मी पण. दोघी बसलो.

घाटावरची पोरं उंच, अंगावर सारखे सदरे, पायात बूट. कमिटीवाले दोघे खुर्च्यांवर, हेडमास्तर उभे, हातात मिटलेली छत्री. चेंडू अर्थात त्यांचा. नवा, पिवळा, सुका. आमच्या एका पोराने पहिला पाय मारलान तो चेंडू पार पोफळीच्या वरून करवंदीत. आमच्यापासून हाताच्या अंतरावर. पोर घ्यायला आला, आम्हाला बघून चाट पडला.

"काकी?"

"चेंडू घे नि पळ," सासू म्हणाली. "आम्ही गवत बघतोय."

मग मला म्हणाली, "आपले कुठचे?"

"अनवाणी ते आपले."

"मगे दिसतायत. पण जोरात का मारतायत एवढां?"

"त्यांचा चेंडू हलका आहे. आपल्यांना जड चेंडूची सवय."

ती हातातला विळा उलटसुलट करत बसली. मी बोलून गेले, पण त्यात खोटं काही नव्हतं. पोरं जिवावर उदार होऊन धावत होती, पण प्रत्येक वेळी चेंडू जास्तच जायचा. जवळ द्यायचा तो लांब, लांब मारायचा तो आकाशात. हे कडेने धावत होते, मुठी आवळून, खाली ठेव, खाली ठेव! एका पोराच्या अंगठ्यावर बूट पडला, रक्त आलं, ते तसंच खेळलं. त्यांनी एक गोल केला. मग आमच्या पोराने पण एक केलान. सासूने माझा दंड धरलान, एवढा घट्ट की वळ उठला.

"आता?"

"आता सारखे झाले."

"मगे थांबवा म्हणावं!"

मला हसू आलं. तशात पण आलं. पण थांबवणार कोण? अंधारून यायच्या थोडं आधी त्यांनी दुसरा केला. आमच्या गोल राखणाऱ्याच्या बोटांना लागून आत गेला. झालं.

घाटावरच्या पोरांनी आमच्या पोरांचे हात हातात घेतले. कमिटीवाले उठले. एकजण म्हणाला ते वाऱ्यावर आम्हाला ऐकू आलं, "पोरं पळतात छान. शिपायाचं पुढच्या वर्षी बघू." हेडमास्तर काहीतरी बोलत होते, छत्रीचं टोक मातीत रुतवत. मोटार आली, माणसं गेली. हे एकटेच पोफळीच्या खोडाला टेकून उभे होते. पाय हलत नव्हते. एवढ्या वर्षांत मी त्यांचे पाय इतके स्वस्थ कधी पाहिले नव्हते, आणि मला ते बरं वाटलं नाही.

सासू उठली, विळा कमरेला खोचलान. गवताची काडी कापली नव्हती दोघींनी.

घरी हे उशिरा आले. "हरलो."

"दिसलां," सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सांगितलं, पुढच्या बोटीने जातो. गोदीत नाही तर गिरणीत, नाही तर कुठेतरी. आवाजात काही नव्हतं. मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार. माझं मनाशी ठरलंच होतं की आता हे असंच. नऊ महिने आणि तीन महिने, मरेपर्यंत.

संध्याकाळी मी म्हशीला पाणी दाखवून आले तर सासू पडवीत बसलेली, पुढ्यात ह्यांचं गाठोडं सोडलेलं. पोह्यांना बुरशी आली होती, ते काढून नवे घालत होती. मग उठून आत गेली, माझं जुनं हिरवं लुगडं आणलंन, घडी करून धोतरांवर ठेवलंन.

हे म्हणाले, "हे काय?"

"हिचां लुगडां."

"कशाला?"

"नेसायला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मला पण काही ठाऊक नव्हतं.

सासू गाठ मारत होती. गाठ मारता मारता बोलली. "तुला काम मिळेल तेव्हा मिळेल. आपल्या वाडीचे बरेच जण तिकडे खानावळीत पाणचट आमटी गिळतात. ही त्यांना रांधून घालील. हिच्या हाताला चव आहे."

लग्न होऊन एवढी वर्षं झाली, ते तिने पहिल्यांदा सांगितलंन.

"आणि कापणी?" मी विचारलं. "म्हस? तुम्ही एकट्या—"

"म्हस काय तुला एकटीलाच ओळखते काय?" ती खेकसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी पुष्कळ भोंगे ऐकले गो. तू नको ऐकूस."

फुटबॉलचं नाव तिने काढलं नाही. ह्यांनी काढलं नाही, मी काढलं नाही.

पडावात बसताना मला भीती वाटली. पाणी अजून उसळत होतं, बोटीला लागताना पडाव खाली जायचा, वर यायचा, वर आला की खलाशी हाताला धरून ओढायचे. मी डोळे मिटून उडी मारली. मग कठड्याशी जाऊन बघितलं. बंदरावर सासू आली नव्हती. येणार नाही ते मला ठाऊक होतं.

मुंबईचे हाल मी सांगत नाही. एका खोलीत माणसं फार होती, धूर होता, पाणी खालून आणायचं. ह्यांना गोदीत परत घेतलं नाही, गिरणीत बदलीवर लागले, कोणी खाडा केला की त्याच्या जागी. मी रांधलं, बत्तीस हातांनी रांधावं तसं रांधलं. मला तिथे दोन मुलगे झाले. दोघांनाही बापाने पहिल्या दिवशी पाहिलं. धाकट्याला एकदा तसाच खोकला झाला. हे रात्रभर त्याला खांद्यावर घेऊन गॅलरीत येरझारा घालत होते. तेव्हा मला त्यांच्या हलणाऱ्या पायांचं काही वाटलं नाही. मूल जगलं. तोच ह्या नातवाचा बाप.

आणि टीमचं विचाराल तर टीम होती. दर आगोटीला आम्ही सगळी यायचो, लावणी करायचो, आणि हे पोरांना घेऊन सड्यावर. चेंडू हेडमास्तरांनी आणवलानी, नवा. घाटावरच्यांना एकदा आमच्या पोरांनी हरवलं पण, त्या वर्षी कमिटीवाला कोणी आला नव्हता. मग ते हेडमास्तर बदलून गेले, शाळेला खेळाचे मास्तर मिळाले, मैदान शाळेजवळ झालं. सड्यावरची पोफळीची खोडं कुजून पडली. एवढाच इतिहास.

जुना फुटबॉल ताटीवरच होता. पहिल्या वर्षी आम्ही परत आलो तेव्हा घर आवरता आवरता मी तो काढायला हात वर केला. धुराने काळा झाला होता, कोळी लागलेले. म्हटलं, चामडं ते, चुलीवर कशाला, गोठ्यात ठेवते नाहीतर टाकते.

सासू आपल्या मोठ्या नातवाला, माझ्या थोरल्याला, मांडीवर घेऊन बसली होती. त्याला पहिल्यांदाच बघत होती, कपाळावरून हात फिरवत होती.

"राहू दे," म्हणाली. "अजून वाळला नसेल."

आणि एका हाताने फुंकणी घेऊन तिने जाळ वाढवलान.